ब्रेकवरचा पाय

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या हिरावाडीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी रामकुंडावर मी जे बोलले ते निव्वळ रागाच्या भरात बोलले, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. म्हणून आधी तेच सांगते.

नवनाथ माझा धाकटा भाऊ. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. मागच्या आषाढात भाजी घेता घेता छातीत कळ आली आणि तिथंच गेला. बेचाळीस वय, नव्वद किलोचा गडी, कधी साधी डोकेदुखी नाही. मागं राहिली बायको राखी, तिसरीतली पूजा आणि ती पांढरी व्हॅन. व्हॅनवर त्याचा फार जीव. सात वर्षांत बाहेरचा एक स्क्रू लावू दिला नव्हता त्यानं. पोरांनी सीटवर बिस्किटाचा चुरा सांडला तरी संध्याकाळी स्वतः झाडायचा.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर चांगले सात-आठ, पण एक खाली उतरेल तर शपथ. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, पूजाला शिकवू. कावळा हलला नाही. राखीच्या भावानं सांगितलं, राखीला अंतर देणार नाही. नाही. राखी स्वतः पुढं झाली, पुटपुटत काहीतरी बोलली, तरी नाही. दीड तास झाला. ऊन चढलं, पूजाला घेरी यायला लागली. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी जसा हट्टी होता तसाच मेल्यावरही!

मी पुढं जाऊन ओरडले, "अरे नाथा, लेकराचा तरी विचार कर! गाडीत जीव अडकलाय ना तुझा? ऐक मग. तुझ्या त्या गाडीचा एक नटसुद्धा बदलू देणार नाही मी कुणाला. तू ठेवलीस तशीच राहील, तशीच चालेल. झालं समाधान?"

माझं तोंड मिटायच्या आत कावळा पिंडावर. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. चुलते म्हणाले, सिंधू, शब्द दिलास, आता पाळ. मी म्हटलं, पाळीन की, त्यात काय.

व्हॅन राखी चालवायला लागली. लायसन होतं तिच्याकडं, नवनाथनंच रविवारी मैदानावर शिकवलं होतं. राखी म्हणजे काडी. बेचाळीस किलो, तेही ओल्या केसांसकट. पण हात चांगला तिचा. शाळेच्या गाडीत एक बाईमाणूस सोबतीला लागतं, तसा नियमच आहे, म्हणून तिच्या शेजारच्या सीटवर मी बसायला लागले. मागं बारा पोरं, त्यातलीच एक पूजा. नवनाथचा फोन मी माझ्याजवळ ठेवला, कारण पोरांच्या आया त्याच नंबरवर फोन करायच्या. आज येणार नाही, आज लवकर सोडा, असलं सगळं.

जानेवारीत त्या फोनवर शोरूममधून एका पोरीचा आवाज आला. अंजली नाव सांगितलं.

"नवनाथ सर बोलताय का?"

"नाही. तो घरी नाही," मी म्हटलं. मेलाय म्हणून सांगायला दरवेळी जीभ धजावत नाही.

"मॅडम, तुमच्या गाडीचा रिकॉल आलाय. म्हणजे कंपनीनं त्या सालच्या गाड्या परत बोलावल्यात. ब्रेकला जोर देणारा एक डबा असतो, बूस्टर. त्याच्यामुळं पेडल हलकं लागतं, तुम्ही थोडं दाबता, बाकीचा जोर तो देतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटतोय. फाटला की पेडल दगडासारखं होतं, गाडी थांबत नाही. आम्ही फुकट बदलून देतो. अर्ध्या दिवसाचं काम."

बदलून देतो! त्या पोरीला काय माहीत मी रामकुंडावर काय बोलून बसलेय. "बघू," म्हटलं आणि फोन ठेवला. राखीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेली असती, आणि मोडला असता तो माझा शब्द. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. मला वाटलं, आमची गाडी तर ठीक चालतेय. राखीला मी आडून विचारलंसुद्धा.

"ब्रेक कसाय गं गाडीचा?"

"चांगलाय की," ती म्हणाली. रस्त्यावरची नजर काही काढली नाही तिनं. "एकदम हलका."

माझा जीव भांड्यात पडला. पण तो काही तिथं फार दिवस राहिला नाही.

मालेगाव स्टँडकडून पंचवटी कारंजाला उतरताना चांगला उतार आहे. एका सकाळी आम्ही तिथून उतरत होतो. मागं दोन पोरांची डब्यावरून मारामारी जुंपली, राखी मान वळवून त्यांना दटावत होती. तेवढ्यात समोर एक म्हातारा पेरूची हातगाडी ढकलत आडवा आला. मी ओरडणार, तर गाडी आपली हळू व्हायला लागली आणि थांबली. बरोबर, अलगद, पोरांना धक्कासुद्धा नाही. मी खाली पाहिलं. राखीचे दोन्ही पाय मागं, सीटला टेकलेले. आणि ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं. पुरतं खाली. हातगाडी पुढं सरकली तसं ते सावकाश वर आलं.

राखी वळली आणि काहीच झालं नाही अशी गाडी पुढं घेतली. शाळा येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते.

तुम्हाला वाटेल, या बाईनं तिथंच शहाणं व्हायला हवं होतं. खरंय. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, नवनाथ गाडीत बसलाय आणि माझ्यावर लक्ष ठेवतोय. शोरूमचा फोन आल्याचं त्याला कळलंय. आक्का शब्द पाळते का मोडते, तेच बघायला आलाय तो. माझी पाचावर धारण बसली. तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

त्यानंतर मी रोज खाली बघत बसायचे. काही वेळा राखीचा पाय असायचा पेडलवर, काही वेळा ती नुसती चप्पल टेकवायची आणि गाडी थांबायची. दर दोन-चार दिवसांनी अंजलीचा फोन. मी कधी म्हणायचे गाडी गावाला गेलीय, कधी म्हणायचे मालक बाहेर आहे. एकदा ती कळवळून म्हणाली, "मॅडम, मालेगावकडं एका गाडीचा ब्रेक लागला नाही. दोन माणसं दवाखान्यात आहेत. प्लीज सरांना सांगा ना."

"त्याला ठाऊक आहे," मी म्हटलं. तिनं बिचारीनं फोन ठेवला.

शाळेच्या फाटकासमोर रस्त्यावर एक पांढरा पट्टा मारलेला आहे. गाडीनं त्याच्या अलीकडं थांबायचं, तिथून पोरं रांगेत आत जातात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमची गाडी पट्ट्याच्या हातभर अलीकडं थांबायची. मग बरोबर पट्ट्यावर यायला लागली. मग चाकं पट्ट्याच्या पुढं. वॉचमन म्हणाला, मावशी, मॅडमला सांगा जरा मागं घ्यायला. मी म्हटलं, सांगते. पण राखीचं चालवणं तेच होतं, तिथंच वेग कमी, तिथंच पाय. रोज दोन बोटं, चार बोटं गाडी पुढं जात होती. मला वाटलं, त्याचा राग वाढतोय. मी फोन घेतेय, त्या पोरीशी बोलतेय, हेच त्याला खपत नाहीये. मी घरी त्याच्या फोटोपुढं नाक घासलं. "नाथा, मी नाही रे गाडीला हात लावू देणार कुणाला. रागावू नकोस." दुसऱ्या दिवशी गाडी पट्ट्याच्या वीतभर आणखी पुढं गेली.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा. पुढच्या रिक्षातली पोरं रांग करून आत चालली होती, शेवटी पहिलीतली एक चिमुरडी, पाण्याची बाटली गळ्यात. आमची गाडी पट्टा ओलांडून गेली. राखीनं पेडलवर पाय दिला, मी पाहिलं, पेडल खाली जाताना थरथरत होतं. गाडी जातच होती. मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी ओढला. थांबली तेव्हा त्या चिमुरडीची बाटली आमच्या बंपरला लागून हलत होती. पोरगी हसली आणि आत पळाली. तिला काही कळलंसुद्धा नाही.

सगळी पोरं उतरली. पूजा टाटा करून गेली. मी म्हटलं, "राखी, मला काहीतरी सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. फोन, बूस्टर, मालेगावची गाडी, सगळं. वाटलं, ही आता मला रस्त्यात उतरवून देईल. द्यायलाच हवं होतं.

"दोन महिने, आक्का?" ती एवढंच म्हणाली. "मागं बारा पोरं असतात. आपली पूजा असते."

"मी शब्द दिला होता गं त्याला."

"आणि मला नाही विचारलंत." तिनं खाली पेडलकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "फोन लावा त्या मुलीला."

अंबडच्या शोरूमपर्यंत ती वीसच्या वेगानं गेली, एक हात हँडब्रेकवर ठेवून.

शोरूमच्या मागं वर्कशॉप. काम करायला सहादू मिस्त्री म्हणून घोटीकडचा माणूस होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं गाडी बंद करून पेडल चार वेळा मारलं, मग पाय दाबून धरून गाडी चालू केली. तोंड वाकडं केलं.

"बूस्टर पार मेल्याला हाय," तो म्हणाला. "चालू केल्यावर पेडल खाली जायला पायजे, हे जागचं हाललं नाय. कोन चालवतं ही?"

"मी," राखी म्हणाली.

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग परत आत बसला, दोन्ही पाय पेडलवर ठेवून, पाठ सीटला रेटून दाबलं. कपाळावरच्या शिरा फुगल्या त्याच्या. "ताई, मस्करी नका करू. लय महिन्यांपासून गेल्याला हाय हा. दांडा बघा, वाकलाय. हे दाबायला नव्वद-शंभर किलोचा मानूस पायजे. तुमचं काम नाय हे."

"मी दाबत नव्हते," राखी म्हणाली. अगदी हळू. "मी नुसता पाय ठेवायचे."

मी तिच्याकडं बघतच राहिले. म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं. मी घाबरून गप्प बसले होते, आणि ही सुखानं गप्प होती.

सहादूला त्यातलं काही समजलं नाही. तो स्टिअरिंगखाली आडवा झाला, पेडल आणि बूस्टर जोडणारी पिन काढायला. ती एक पिन निघाली की मग बाकीचं सुटतं म्हणाला. पक्कड लावली, खटपट केली, मग आतूनच ओरडला, "कोन बसलंय रं वर? पाय काढा ब्रेकवरचा! पिन कशी निघंल?"

गाडीत कुणी नव्हतं. राखी दाराशी उभी होती, मी गाडीच्या मागं. सकाळचे दहा वाजलेले, पत्र्यातून ऊन येत होतं. आणि माझ्यासमोर गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. ब्रेक दाबल्यावर लागतात ते.

सहादू बाहेर आला. रिकामी सीट पाहिली, खाली गेलेलं पेडल पाहिलं. हातातली पक्कड त्यानं शांतपणे जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

मी पुढं झाले. हात जोडले. "नाथा, चुकले रे मी. शब्द मोडतेय. काय शिक्षा द्यायची ती मला दे, पण ही पिन काढू दे. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे." दिवे तसेच. मी रडले, नाक घासलं, वेड्यासारखं काय काय बोलले. दिवे तसेच.

"बाई," सहादू म्हणाला, "ते बघा. पेडल थरथरतंय."

मी वाकून पाहिलं. खरंच थरथरत होतं. आणि ते थरथरणं मला ओळखीचं होतं. आमचे वडील शेवटच्या वर्षी जिना चढायचे तेव्हा त्यांचे पाय असेच थरथरायचे. ते रागानं नव्हे, दमून. एकाएकी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बये! तो माझ्यावर पहारा ठेवायला आला नव्हता. तो कुठं गेलाच नव्हता. जायला निघाला होता बिचारा, आणि मी त्याला म्हटलं, गाडी आहे तशीच चालेल. आणि ब्रेक तर फाटलेला! बायको गाडीत, पोरगी गाडीत, मागं लोकांची अकरा लेकरं. मग तो कसा जाणार? पाय दाबून बसला. रोज सकाळ-दुपार, उतारावर, फाटकाशी, प्रत्येक सिग्नलला. पट्ट्याच्या पुढं गाडी जात होती ती रागानं नाही, त्याच्यानं आता होत नव्हतं म्हणून. जगानं आपापल्या मेलेल्यांना वाटेला लावलं, आणि मी माझ्या भावाला सात महिने कामाला जुंपलं. वर परत फोटोपुढं जाऊन त्यालाच बजावलं, की कुणाला हात लावू देणार नाही म्हणून!

मी सीटपाशी गुडघ्यावर बसले आणि पेडलवर हात ठेवला. गार होतं.

"नाथा, ऐक. पोरं शाळेत पोचली. पूजा पोचली. राखी खाली उभीये, ही बघ. गाडीत कुणी नाही. नवीन ब्रेक बसवतोय आपण, चांगला, कंपनीचाच. पाय काढ आता, राजा. पाय काढ."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझा हात सावकाश वर आला, पेडलबरोबर. मागं बघितलं तर दिवे विझलेले.

राखीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी दहाव्याला ऐकला नव्हता, तेराव्यालाही नव्हता. ती दाराची कड धरून खाली बसली.

सहादूनं गाडीला हात लावून नमस्कार केला आणि परत आत शिरला. पिन हातानं निघाली. जुना डबा उघडून त्यानं आम्हाला दाखवला, आतल्या पडद्याच्या चिंध्या झाल्या होत्या. कंपनीला परत पाठवायचा असतो म्हणून त्याला चिठ्ठी बांधून बाजूला ठेवला. नवीन बसवला, तेल भरलं, हवा काढली. अंजली येऊन सही घेऊन गेली. "सर नाही आले का?" तिनं विचारलं. "येऊन गेले," मी म्हटलं.

"आता ताई, एका बोटानं दाबा," सहादू राखीला म्हणाला. "लोनी हाय."

पोरांची शाळा सुटायला अर्धा तास होता. आम्ही निघालो. माफी मागायला तोंड कुठं होतं मला? त्रिमूर्ती चौकात सिग्नल लाल झाला. तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मस्त थांबली, मिस्त्री खोटं बोलला नव्हता.

"जड लागतोय, आक्का," राखी म्हणाली.

"अगं, नवीन आहे. लोण्यासारखा आहे म्हणाला ना तो."

"जड आहे," ती म्हणाली. "कालपर्यंत एवढाही नव्हता." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

सिग्नल हिरवा झाला. राखी समोर बघत होती, पाय ब्रेकवर दाबून. मागून हॉर्न सुरू झाले. एक बाइकवाला बाजूनं शिव्या देत गेला. तिला म्हणायचं होतं मला, राखी, पाय काढ. दोनच शब्द. पण ते मी तासाभरापूर्वीच एकदा बोलले होते, आणि आता काही केल्या ते तोंडातून निघेनात.